भार कोणत्या चाकावर?

तपासणी आटोपते, औषधांची चिठ्ठी लिहून होते आणि रुग्ण खुर्चीवरून उठता उठता सहज म्हणून काही विचारतो. माझा पंचवीस वर्षांचा अनुभव असा की, त्याच्या मनातला खरा प्रश्न बहुधा हाच असतो. गेल्या उन्हाळ्यात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका आजींनी असाच प्रश्न विचारला. त्यांची हाडे ठिसूळ, कंबर जुनीच दुखरी. मुलाकडे अमेरिकेत तीन महिन्यांसाठी जायचे होते. मुलाने मोटारीमागे जोडून नेण्याचे एक फिरते घर घेतलेले. त्यात पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, सर्व काही. आजी दारापाशी थांबून म्हणाल्या, "डॉक्टरांनू, माझी पाठ बसान दुखता. मागच्या गाडयेत निजान गेलंय तर चलात मा?"

मी ताबडतोब "नाही" म्हणालो. ओढून नेल्या जाणाऱ्या अशा ट्रेलरमध्ये चालत्या प्रवासात बसण्यास अमेरिकेतील अनेक राज्यांत कायद्याने मनाई आहे. जेथे मनाई नसेल तेथेही त्या पलंगाला पट्टा नसतो, पुढच्या चालकाला मागे काय चालले आहे ते कळत नाही आणि गाडी हेलकावली तर सर्वांत जास्त हेलकावा तेथेच बसतो. आजींना ते पटले. परंतु सोबत आलेल्या आजोबांचे समाधान होईना. एवढे जड घर आपल्या मोटारीच्या पाठीवर लटकले तर मोटार मागे बसत कशी नाही, हे त्यांना हवे होते. त्यांच्या हातात काठी होती आणि ती त्यांनी चुकीच्या हातात धरली होती. त्या काठीचा आणि त्यांच्या प्रश्नाचा संबंध आहे, तो पुढे सांगेन.

आपल्या सिंधुदुर्गात असे ओढून न्यायचे घर क्वचितच दिसते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तरी आपल्याकडे दिसतात त्या बहुधा स्वतःच्याच इंजिनावर चालणाऱ्या गाड्या. मात्र या पाक्षिकाच्या वाचकांपैकी अनेकांची मुले परदेशी आहेत आणि वर्षाआड तिकडे जाणारे आईवडील अशा सहलीत मागच्या आसनावर बसलेले असतात. त्यांनी निदान आपण कशावर बसलो आहोत हे जाणून घ्यावे, असे मला वाटते.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना बैलगाडी आठवत असेल. तिला आस एकच. भात, शेणखत किंवा चिरे भरताना गाडीवान ओझे बरोबर आसावर ठेवीत नसे; ते किंचित पुढे सारून जुवावर थोडा भार येऊ देई. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होई. जू वर उचलले जाई, बैलाच्या गळ्याखालचे जोते आवळे आणि बैल घुसमटून अडून राही. ओझे फार पुढे आले तर बैलाची मान दबे. या दोहोंमधली जागा जाणता गाडीवान नजरेने ओळखत असे.

फिरत्या घराचे गणित नेमके हेच आहे. त्याची चाके मधोमध, किंचित मागे. पुढची दांडी मोटारीच्या मागील गोळ्यावर टेकते. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार त्या गोळ्यावर यावा, असा तिकडचा नियम. त्याला आपण जुवाचा भार म्हणू. तो १० टक्क्यांच्या बराच खाली गेला, म्हणजे गाडी उलाळ झाली, तर वेग वाढताच मागचे घर डावीउजवीकडे झोके घेऊ लागते. एकदा ते झोके वाढले की घर मोटारीलाच ओढून रस्त्याबाहेर नेऊ शकते. म्हणून जुवाचा भार हवाच. आता या हव्या असलेल्या भाराचेच दुखणे पाहा.

हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे घेऊ. फिरते घर २५०० किलोचे, जुवाचा भार ३०० किलो. ओढणाऱ्या मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या आसांत अंतर ३.७५ मीटर. गोळा मागच्या आसाच्या १.२५ मीटर मागे. म्हणजे भार दोन आसांच्या मध्ये नाही, बाहेर, शेपटीवर आहे. लहान मुलांच्या खेळातील सी-सॉ आठवा. मागची चाके मधला खुंटा झाली. शेपटीवर ३०० किलो टेकले की नाक वर उचलले जाते. किती? ३०० गुणिले १.२५, भागिले ३.७५, बरोबर १०० किलो. पुढच्या चाकांवरचा १०० किलो भार नाहीसा झाला. तो गेला कोठे? मागच्या चाकांवर. त्यांच्यावर आता ३०० नव्हे, ४०० किलो जादा आले. ठेवले ३०० आणि मागच्या चाकांनी उचलले ४००, हे ऐकून आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. आपणही घातल्या असतील तर वरील ओळी पुन्हा एकदा वाचाव्यात, कारण पुढचे सर्व यावर उभे आहे.

मोटार वळते ती पुढच्या चाकांनी. ब्रेक दाबला की अधिक काम करतात तीही पुढचीच चाके. त्यांच्यावरचा भार उतरला की स्टीअरिंग हलके, अधांतरी लागते. ओल्या रस्त्यावर वळण नीट घेतले जात नाही. रात्री दिव्यांचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो. मागच्या स्प्रिंगा दबून बसल्यामुळे प्रत्येक उंचवट्यावर गाडी होडीसारखी पुढेमागे डोलते, आणि तो डोल मागच्या आसनावरच्या म्हाताऱ्या कमरेत उतरतो.

यावरील उपाय म्हणजे भार वाटून देणारी हिच. मी ती प्रत्यक्ष पाहिली मिशिगनमध्ये भाच्याकडे गेलो असता. मला यंत्रांतले फारसे कळत नाही. परंतु ही वस्तू समजायला एक पहार पुरते. चिरेखाणीत जड चिरा उचलायचा तर त्याच्या कडेखाली पहार घालून लांबच्या टोकाला जोर देतात. या हिचमध्ये मोटारीच्या मागील भागात पोलादाचे दोन लवचीक दांडे बसवलेले असतात आणि त्यांची मोकळी टोके मागे, फिरत्या घराच्या दांडीखाली जातात. ती टोके साखळीने किंवा कंसाने वर ओढून ताणून अडकवतात. दांडे धनुष्यासारखे वाकतात. मोटारीच्या शेपटीत खुपसलेली जणू ती पहार. तिचे लांबचे टोक वर उचलले गेले की मोटारीची शेपटी वर येते आणि नाक खाली दबते. गोळ्यापाशी खाली वाकू पाहणारा जो सांधा होता तो ताठ होतो. मोटार आणि घर मिळून जणू एकच लांब गाडी होते.

आता तेच आकडे पुन्हा मांडू. घराची चाके गोळ्यापासून ५ मीटर मागे आहेत असे धरा. दांडे इतके ताणले की पुढच्या चाकांचा गेलेला १०० किलो भार पूर्ण परत आला. तेव्हा मागच्या चाकांवरचा जादा भार ४०० वरून २४० किलोवर उतरतो आणि उरलेले ६० किलो घराच्या स्वतःच्या चाकांवर जातात. २४० आणि ६०, बेरीज ३००. एक किलोही कमी झालेला नाही. फक्त ज्या मागच्या चाकांनी स्वतःच्या वाट्याहून जास्त उचलले होते, त्यांचे ओझे इतरांनी घेतले.

भाच्याची पद्धत मला फार आवडली. घर जोडण्यापूर्वी सपाट जागेवर त्याने पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या कमानीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली. घर टेकवल्यावर पुन्हा मोजली. नाक चार सेंटिमीटर वर गेले होते. दांडे ताणून तिसऱ्यांदा मोजली. एक सेंटिमीटर उरले. नाक किती खाली आणायचे हे पुष्कळ मोटारींच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि काही मोटारींना ही हिच लावूच नये असेही त्यात स्पष्ट लिहिलेले असते. रक्तदाब मोजताना जी शिस्त मी रुग्णांकडून मागतो, बसून, विसावा घेऊन, रोज त्याच हाताचा, तीच ही शिस्त. अंदाजाने औषध वाढवू नये, अंदाजाने दांडेही ताणू नयेत. दांडे फार ताणले तर मागची चाके नको तितकी हलकी होऊन गाडी मागून घसरू शकते.

या हिचविषयी तिकडच्या आपल्या मुलांचा एक गैरसमज मी ऐकला, तो मात्र धोक्याचा आहे. हिच लावली म्हणजे मोटार जास्त वजन ओढू शकते, असे काहींना वाटते. तसे नाही. इंजिन तेच, ब्रेक तेच, टायर तेच. निर्मात्याने ठरवलेली मर्यादा हिच लावल्याने वाढत नाही. काही मोटारींना तर ठराविक वजनापुढे हिच लावण्याची सक्तीच असते, एवढाच तिचा संबंध. शिवाय घरातील सामान वाईट भरले असेल तर हिच ते झाकते, बरे करीत नाही. तापाच्या गोळीने ताप उतरतो आणि आजार आत तसाच राहतो, त्यातला प्रकार. आणि सामान वाईट भरले जाते ते पुष्कळदा आपल्याच प्रेमामुळे. आईने नेलेला मालवणी मसाला, लोणच्याच्या बरण्या, कुकर, पुरणयंत्र हे सारे कोठे ठेवायचे? मागच्या खोलीत, पलंगाखाली. म्हणजे थेट शेपटीवर. तेथले प्रत्येक किलो जुवाचा भार कमी करते आणि गाडी उलाळ होत जाते. जड वस्तू चाकांच्या थोड्या पुढे, जमिनीलगत ठेवण्यास सांगा. ट्रक थांब्यांवर प्रत्येक आसाचे वेगवेगळे वजन करून देणारे काटे असतात. निघताना एकदा तेथे गाडी चढवण्याचा आग्रह आईवडिलांनी धरला तर मुले सहसा मोडत नाहीत. आणि घर झोके घेऊ लागलेच तर मागून ओरडू नये. त्या वेळी चालकाने मोटारीचा ब्रेक जोरात दाबायचा नसतो. वेगावरचा पाय काढून, स्टीअरिंग सरळ धरून, केवळ मागच्या घराचा ब्रेक हाताने हलकेच लावायचा असतो. आपली किंकाळी ऐकून त्याचा पाय नेमका नको तेथे जातो.

आता परदेशातून आपल्या घाटरस्त्याला येऊ, कारण शेपटीवरचे ओझे हा विषय मला रोज दवाखान्यात भेटतो तो एसटीच्या रूपाने. २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. फार चांगले झाले. मुलीच्या घरी, देवळात, ओरोसला रुग्णालयात, म्हातारी माणसे मोकळेपणी जाऊ लागली. मात्र चढायला वेळ लागतो, तोवर पुढच्या जागा भरतात आणि आजोबा शेवटच्या बाकावर जाऊन बसतात. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे असतो. समजा बसच्या दोन आसांत ५ मीटर अंतर आहे आणि बाक मागच्या आसाच्या २ मीटर मागे. मागची चाके १० सेंटिमीटर उंचवट्यावर चढली, तर स्प्रिंगांचा हिशेब सोडून, मधल्या आसनावरचा माणूस ५ सेंटिमीटर उचलला जातो, आणि शेवटच्या बाकावरचा १४. वर उडालेला माणूस खाली आदळतो तो थेट बैठकीवर. सारा धक्का कण्याच्या मणक्यांतून वर जातो. तरुणाला हसू येते. ठिसूळ हाडांच्या माणसाचा मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा होतो. छातीचा कणा संपून कंबर सुरू होते, तेथे हे जास्त घडते.

हे लक्षात ठेवावे, कारण घरी ते ओळखले जात नाही. खड्ड्यात गाडी आदळली, पाठीत कळ आली, दोन दिवस बाम लावला, मग "वात धरला" म्हणून कोणाकडून तरी पाठ चोळून घेतली. अशा क्रमाने रुग्ण माझ्यापर्यंत तिसऱ्या आठवड्यात पोहोचतो. आडवे पडले की बरे वाटते आणि उठून बसताना, उभे राहताना जीव जातो, अशी नवी पाठदुखी साठीनंतर धक्क्यामागून सुरू झाली तर चोळू नये, दाबून घेऊ नये, एक्स-रे काढावा. पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली वा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मणका दबला असे ठरले की वेदनेवरील उपचाराइतकाच हाडांच्या ठिसूळपणावरचा उपचारही सुरू झाला पाहिजे. एक मणका दबलेल्या माणसाचा दुसरा दबण्याची शक्यता वाढलेली असते. अलीकडे उंची कमी झाली, सदऱ्याचा पुढचा भाग लोंबू लागला, ही जुन्या, न कळलेल्या अस्थिभंगाची खूण असू शकते.

तेव्हा वाहकाला विनंती करा, तरुणाला उठवा, पुढची बस धरा. परंतु शेवटच्या बाकावर बसू नका. बसमध्ये दोन आसांच्या मधली जागा म्हाताऱ्या पाठीची.

गणपतीनंतर परतणाऱ्या चाकरमान्यांनाही हेच सांगतो. सात आसनांच्या गाडीत तरुण मंडळी मधे आणि आजी शेवटच्या रांगेत, जवळजवळ मागच्या चाकांवर. तिच्या पाठीमागे तांदळाची गोणी आणि नारळांचे पोते. करूळ किंवा फोंडा घाट चढताना मुळातच भार मागे सरकतो, त्यात ही भर. आजीला मधल्या रांगेत आणा. गोणी आसनाच्या पाठीला अगदी लगटून, तळाशी ठेवा. भरलेल्या गाडीसाठी टायरमध्ये किती हवा असावी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असते. कोणी वाचत नाही, ते वाचा. आणि दर दोन तासांनी उतरून आजीला चार पावले चालवा, कारण पायांत रक्त साकळण्याचा धोका म्हातारपणी अधिक.

आता आजोबांची काठी. त्यांचा उजवा खुबा झिजलेला आणि काठीही उजव्या हातात. आपल्यापैकी बहुतेक जण अशीच धरतात. दुखणाऱ्या बाजूला आधार, हे मनाला पटते म्हणून. नाटकांतले म्हातारेही बहुधा तशीच धरतात. परंतु चालताना आपण क्षणभर एका पायावर उभे असतो, तेव्हा शरीराचा मध्य त्या खुब्याच्या आतल्या बाजूला असतो, आणि तोल राखण्यासाठी खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू जोराने ओढत राहतो. त्याचे अंतर कमी, शरीराच्या मध्याचे जास्त. म्हणून त्याला शरीराच्या वजनाहून मोठा जोर लावावा लागतो. वजन आणि ही ओढ मिळून त्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. ठेवले ३०० आणि उचलले ४००, त्याच जातीचा हा हिशेब. काठी डाव्या हातात गेली की ती त्या खुब्यापासून दूर जाते. पहारीचे टोक लांब झाले. तेथे तळहाताने दिलेला काही किलोंचा जोरही स्नायूचे काम बरेच हलके करतो. उजव्या हातातली काठी खुब्याच्या इतकी जवळ असते की तिला तेवढे काम करता येत नाही.

आजोबांनी काठी डाव्या हातात घेतली, दवाखान्याच्या ओसरीत चार येरझारा घातल्या. पहिल्या दोन अडखळत. हात आणि पाय यांची सवय जुळायला आठवडा लागतो, हे मी त्यांना आधीच सांगितले होते. दुखरा पाय आणि विरुद्ध हातातली काठी बरोबर पुढे जावी, मग चांगला पाय. जिना चढताना आधी चांगला पाय; उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. गुडघा दुखत असला तरी काठी विरुद्ध हातातच. अर्धांगवायूनंतरही काठी चांगल्या हातात.

काठीची उंची दुकानदारावर सोडू नये. पायांत रोजच्या वहाणा घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावे. मनगटावरच्या सुरकुतीशी मूठ यावी. त्या उंचीला मूठ धरली की कोपर किंचित वाकते, तेवढे वाकायला हवे. लाकडी काठी असेल तर खालून कापता येते, वरून जोडता येत नाही, म्हणून दोनदा मोजून मग करवत लावावी. तळाच्या रबरी टोपणावरील खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की ते बदलावे. श्रावणात चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, त्याआधी, मिरगालाच, नवे टोपण बसवून घेतलेले बरे.